चव्वेचाळिसावं घर

माझं सरकारी नाव औषधनिर्माण अधिकारी. उद्धव लेंगरे, औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, खरसवाडी. खिडकीवर तशी पाटीसुद्धा आहे. पण एकवीस वर्षांत एका माणसाने मला त्या नावाने हाक मारली असेल तर शपथ. सगळे कंपाउंडर म्हणतात. पूर्वी मी चिडायचो, आता नाद सोडला. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण ज्यांची गोष्ट सांगायला बसलोय त्या विभूते सिस्टर मला भर बाजारात "ओ कंपाउंडर!" अशी आरोळी ठोकतात, आणि तरी त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघायचा नाही.

वैजयंता विभूते, आमच्या केंद्राच्या नर्सबाई. गोष्ट घडली तेव्हा नोकरी बत्तीस वर्षांची झालेली, निवृत्तीला दहा महिने उरलेले. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. खरसवाडी आणि भोवतालच्या सात वाड्यांमधली आज कॉलेजात जाणारी निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती यांच्या हातात. आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या भागात एकही बाळंतीण दगावलेली नाही. हे त्या स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा सांगतात, पण खोटं नाही ते.

त्यांनी हे साधलं कसं, तेही ऐका. त्या नोकरीला लागल्या तेव्हा आमच्या माणदेशी मुलखात गरोदर सून दवाखान्यात यायची ती सासूच्या मागून, मान खाली घालून. नर्सने सुनेलाच थेट काही विचारलं की सासूचा चेहरा उतरायचा. "आम्ही काय मेलोय व्हय?" म्हणत बाई उठायची, सुनेला घेऊन चालू लागायची आणि पुन्हा इकडे फिरकायची नाही. सिस्टरनी यावर तोड काढली. सून समोर बसलेली असली तरी प्रश्न सासूला. "काय मावशी, कशी आहे सूनबाई? जेवते का नीट? पाय सुजतात का?" मावशी खूश. पुढच्या महिन्यात सून हजर, त्याच्या पुढच्या महिन्यात शेजारची सूनही हजर. नव्या पोरींना शिकवताना सिस्टर सांगायच्या, "आधी सासूशी बोला गं, मग सून आपोआप येते." आणि यायच्याच हो सुना. ज्या घरांतून पूर्वी बाईला दुखायला लागल्यावर बैलगाडीत घालून आणायचे, त्या घरांतल्या सुना तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला लागल्या. हे सगळं या एका बाईने केलं.

आता यंत्राकडे येतो.

पूर्वी आमच्या केंद्राची गुणवत्ता तपासणी वर्षातून दोनदा व्हायची. तारीख आठ दिवस आधी कळायची. मग काय विचारता! भिंतींना रंग, फरशीला फिनेल, खाटांवर नव्याकोऱ्या चादरी, बंद पडलेल्या घड्याळाला नवा सेल. मुलगी बघायला पाहुणे येणार अशी सगळी धांदल. पाहुणे यायचे, चहा-पोहे घ्यायचे, शंभरपैकी ब्याण्णव मार्क द्यायचे. त्यांची गाडी वळणाआड गेली की चादरी परत कपाटात. मीच ठेवायचो घडी घालून.

दोन हजार एकोणचाळीसच्या जानेवारीत हे बंद झालं आणि प्रत्येक केंद्रात एक पांढरी चकती आली. भाकरीएवढी असेल, भिंतीला चिकटवायची. सरकारी नाव 'दैनिक गुणपडताळ'. सिस्टरनी पहिल्याच दिवशी तिला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही कसली पडताळ? ही तर विहीणबाई. पाटावर बसणार आणि मिठापासून मांडवापर्यंत खोड्या काढणार." झालं, तेव्हापासून ती विहीणबाई.

ती काम कसं करते ते आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. डॉ. समीना तांबोळी, वय अठ्ठावीस, पहिलीच नेमणूक, बोलणं शांत. ही चकती ऐकते, पण शब्द साठवत नाही. पेशंटने दारातलं हिरवं बटण दाबून होकार दिला तरच ऐकते, आणि आवाज त्याच क्षणी पुसून टाकते. मागे ठेवते ती फक्त मापं. बोललं कोण, पेशंट, सोबतचं माणूस की आम्ही? प्रश्न किती विचारले? उत्तरासाठी किती थांबलो? हात लावून तपासलं का? मग ती राज्यातल्या अकराशे केंद्रांतून तशाच हजारो भेटी शोधते. तेच वय, तोच महिना, तशीच तक्रार. मॅडम त्यांना जुळ्या भेटी म्हणायच्या. त्या जुळ्या भेटींत पुढे काय निघालं आणि आपल्याकडे काय निघालं, यातला फरक ती रोज संध्याकाळी सांगते. तेही फक्त दोन वाक्यांत. कुणाचं नाव घेत नाही, वर कुणाला कळवत नाही. वर कळतं एवढंच, की आज तुम्ही दहा मिनिटं बसून ती दोन वाक्यं ऐकली की नाही.

म्हणून आमची रोज पावणेपाचची बैठक सुरू झाली. चहा, मी, मॅडम, सिस्टर, त्यांच्या हाताखालच्या चार नव्या नर्स पोरी, प्रयोगशाळेतला गळवे, आणि भिंतीवर विहीणबाई.

दुसऱ्याच आठवड्यात तिने मला धरलं. "औषध घेऊन जाणाऱ्या दहापैकी सात जणांना गोळी कधी घ्यायची ते समजलेलं नसावं." माझं डोकंच फिरलं. मी काय मुक्याने गोळ्या वाटतो का? चांगला तोंडाने सांगतो की! दुसऱ्या दिवशी तिला खोटं पाडायचं म्हणून फाटकाशी उभा राहिलो आणि दहा जणांना विचारलं. पुरे सात निघाले हो. एक आजोबा रक्तदाबाची गोळी "जिवाला बरं न्हाई वाटलं तरच" घेत होते, दोन वर्षं. मी मुकाट्याने आत आलो. तेव्हापासून मी गोळी दिली की म्हणतो, आता तुम्ही मला सांगा, कधी घेणार? वेळ लागतो, रांग कुरकुरते, पण आजोबा अजून आहेत.

सिस्टर त्या दिवशी पोट धरून हसल्या होत्या. "कंपाउंडरची फजिती झाली!" म्हणून गावभर सांगत सुटल्या. त्यांची पाळी यायला तीन महिने लागले.

एप्रिलमधली गोष्ट. गळवेने चहा ओतला आणि चकती बोलली. "गेल्या तीन महिन्यांत तपासलेल्या चव्वेचाळीस गरोदर स्त्रियांपैकी एकेचाळीस जणींच्या वतीने सोबतच्या व्यक्तीने उत्तरं दिली. जिथे स्त्री स्वतः बोलते तिथे इतक्या जणींमागे साधारण चार गंभीर तक्रारी निघतात. इथे एक निघाली आहे."

कुणी चहाला हात लावला नाही.

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "तक्रारी नाहीत म्हणून निघाल्या नाहीत. आमच्या बायका धडधाकट आहेत."

"असतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण सिस्टर, तुमच्या बागेतली चव्वेचाळीस डाळिंबं घेतली, सगळी बाहेरून लालबुंद. दरवर्षी फोडल्यावर चार आतून नासकी निघतात. यंदा एकच निघालं. बाग सुधारली, की बाकीची फोडलीच नाहीत?"

"म्हणजे तिघींना काहीतरी होतंय आणि मी बघितलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"अंदाज आहे हा. तिघी असतील, दोघी असतील, पाच असतील. एकही नसेल."

"कोणत्या तिघी?"

"ते तिला नाही सांगता येत."

सिस्टर उठल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मॅडम, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी या सासवांच्या विनवण्या करतेय. मी सासूला विचारलं म्हणून या पोरी इथवर आल्या. आणि आता तेच चुकलं म्हणता?" पर्स उचलली आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ज्या हिकमतीवर बाईने अख्खं आयुष्य काढलं, नेमकं त्याच हिकमतीवर बोट ठेवलं गेलं होतं. मी चकतीकडे बघून शिवी हासडली. तिने अर्थातच ती साठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या खिडकीशी उभ्या. डोळे सुजलेले, हातात वहीचा कागद.

"कंपाउंडर, तुमची स्कूटर चार्ज आहे का?"

"आहे. का?"

"दुपारी ओपीडी संपली की निघायचं. रोज पाच घरं. ती बया खोटी बोलत असेल तर तोंडावर सांगता येईल. आणि खरं बोलत असेल तर..." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "तर तिघी पोरी कुठेतरी गप्प बसल्यात, भाऊ."

भाऊ म्हणाल्या मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कागद बघितला. नावं मोजली, त्रेचाळीस. "चव्वेचाळिसावी?"

"ती माझी तेजल. तिला काय विचारायचं? रोज डोळ्यांसमोर असते."

तेजल म्हणजे त्यांची सून. मुलगा कोइमतूरला सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात, आमच्याकडची निम्मी पोरं असतात तशी. रीत म्हणाल तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सिस्टरनी विहिणीला, म्हणजे खऱ्या विहिणीला, ठणकावून सांगितलं होतं, "घरात नर्स असताना पोरगी कुठे पाठवायची नाही." गावातल्या बायका तेजलचा हेवा करायच्या. दर महिन्याला सिस्टर तिला स्वतः केंद्रात आणायच्या, मॅडमनी काही विचारलं की तिचं कार्ड पुढे सरकवत स्वतःच सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. मी मूग गिळून किल्ली घेतली.

आता अडचण अशी, की सुनेला एकटीला गाठायचं कसं? घरी गेलं की सासू पुढे आणि सून चुलीपाशी. पण सिस्टर त्या सिस्टर. त्यांनी मला कामाला लावलं. घरात शिरलं की त्या मोठ्याने म्हणायच्या, "मावशी, आज साहेबांनाच घेऊन आलेय तुमच्यासाठी. तुमच्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा बरं. आणि तोवर हिचं वजन घेते मी आत." मी ओट्यावर फतकल मारायचो. सासूबाई पिशवी उपडी करायच्या. साखरेच्या गोळ्या, गुडघ्याच्या गोळ्या, मुलाने मुंबईहून पाठवलेलं कसलंसं चूर्ण, शेजारणीने दिलेली अर्धी बाटली. मी एकेक हातात घेऊन खोदून खोदून विचारायचो. त्रेचाळीस सासवांच्या गोळ्या तपासल्या मी. त्यात माझ्याच खिडकीतून गेलेल्या गोळ्यांचे काय काय घोळ उघडे पडले ते वेगळंच. पण बायकांना इतका मान आजवर कुणी दिला नव्हता, त्या मला उठू देईनात.

आणि आत सिस्टर काय करायच्या, ते त्यांनी मला दाखवलं होतं. "सांग बाई, काय होतंय तुला?" एवढंच विचारायचं आणि मग गप्प बसायचं. पदराखाली बोटं मोजायची, एक ते दहा. "चारवर मला बोलावंसं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "सहावर जीभ चावते. पोरी बोलतात त्या आठवर."

तिसऱ्या दिवशी ढोले वस्तीवर एक सापडली. राणी नाव, सातवा महिना. सासू मला ओट्यावर सांगत होती, "बरं हाय तिचं, ऊन लागतंय निस्तं." आतून सिस्टरचा आवाज आला, "कंपाउंडर, रुग्णवाहिका!" पोरीचं डोकं दहा दिवस ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रक्तदाब एकशे सत्तर. आणखी एखादा दिवस गेला असता तर झटके आले असते. रुग्णवाहिकेत चढवताना सिस्टरनी तिला विचारलं, "अगं, मागच्या आठवड्यात तू माझ्यासमोर बसली होतीस की! का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला न्हाई इचारलं तुमी." रागाने नाही, साधंच सांगितलं.

सातव्या दिवशी दुसरी. तिचं बाळ दोन दिवस कमी हलत होतं आणि "पोट जड झालंय म्हणून" असं घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं. तिलाही वेळेत जिल्ह्याला नेलं. दोघी वाचल्या, दोघींची बाळंही वाचली. आज ती पोरं केंद्राच्या आवारात धुडगूस घालतात आणि मला कंपाउंडर म्हणतात.

नवव्या दिवशी त्रेचाळिसावं घर झालं. सिस्टरनी शेवटच्या नावावर रेघ मारली, कागदाची घडी घातली. "झालं. दोघी निघाल्या. तिघी किंवा दोघी, असंच म्हणाल्या होत्या ना मॅडम? मिटलं."

मी स्कूटरची किल्ली फिरवली नाही.

"काय झालं?"

"सिस्टर, एक घर राहिलं."

"लेंगरे!" पहिल्यांदाच आडनावाने. "माझ्या घरात मला शिकवू नका."

"शिकवत नाही. चहा पाजा फक्त."

वाटभर माझ्या पाठीवर त्यांच्या रागाची धग लागत होती, पण उतरल्याही नाहीत.

घरी तेजलने चहा आणला. तेवीस वर्षांची, सडपातळ पोर, आठवा महिना भरत आलेला. हसून म्हणाली, "बसा काका." सिस्टरनी कप घेतला आणि माझ्याकडे बघत, बघा हं आता, अशा थाटात विचारलं, "काय गं तेजल, तुला काही त्रास नाही ना?"

"नाही आई."

लगेच. पुढे सिस्टर एकही बोट मोजायला थांबल्या नाहीत, "बघितलंत?" म्हणून मोकळ्या. मी तेजलच्या हातांकडे बघत होतो. एका हाताच्या नखांनी दुसऱ्या तळव्यावर ती सारखी घासत होती, आणि तळवा लालभडक झाला होता.

सिस्टरनी माझी नजर पाहिली आणि मग त्यांनीही तिकडे पाहिलं. कप खाली ठेवला. मग मला बाहेर ओट्यावर बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "कंपाउंडर, मॅडमना फोन लावा. म्हणावं घरी या. बॅग घेऊन."

"तुम्हीच विचारा की सिस्टर. तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

"मी विचारलं तर ती सुनेसारखंच उत्तर देणार. दिलंच की आत्ता. मी सासू आहे हो इथे. मला बाहेर बसवा."

मॅडम वीस मिनिटांत आल्या, आत गेल्या, दार लोटून घेतलं. आणि वैजयंता विभूते, बत्तीस वर्षांच्या नर्सबाई, स्वतःच्या ओट्यावर बाहेर बसल्या, त्या त्रेचाळीस जणींसारख्याच. आतून काही ऐकू येत नव्हतं. त्या उठू पाहत होत्या, परत बसत होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "सिस्टर, तुमच्या गोळ्या दाखवा बरं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भस्म व्हायचा बाकी होतो. पण पर्स उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं.

"कधी घेता?"

"आठवण झाली की," त्या म्हणाल्या, आणि इतक्या ताणातही आम्ही दोघे फिस्सकन हसलो.

दार उघडलं. मॅडमच्या हातात एक छोटं, न वापरलेलं यंत्र होतं, बोटाच्या एका थेंबावर यकृताची तपासणी करणारं. दीड वर्षं आमच्या कपाटात पडून होतं.

"हाताला आणि पायाच्या तळव्यांना खाज आहे," मॅडम म्हणाल्या. "पुरळ नाही काही. रात्री वाढते, झोप लागत नाही. महिना झाला. सिस्टर, तिच्या रक्तात पित्त उतरलंय. बरंच."

सिस्टरनी ओट्याची कड घट्ट धरली. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती, मला मात्र मॅडमनी नंतर सांगितलं. काही गरोदर बायकांचं यकृत आळसावतं, पित्त आतड्यात जायच्या ऐवजी रक्तात उतरतं. आईला होते ती नुसती खाज. पण तेच रक्त बाळाभोवती फिरतं, आणि बाळाचं हृदय एखाद्या दिवशी काही एक इशारा न देता थांबू शकतं. कळलं तर औषध आहे, नजर ठेवता येते, आणि दिवस बघून बाळाला थोडं आधी बाहेर आणता येतं. थेंबभर रक्ताने कळणारी गोष्ट. फक्त खाज सुटते हे कुणीतरी सांगावं लागतं.

"मला म्हणाली होती ती," सिस्टर म्हणाल्या. "महिन्यापूर्वी, मी डबा भरत होते तेव्हा. आई, तळवे खाजतात म्हणाली. मी म्हटलं भांड्यांच्या पावडरीने होत असेल, खोबरेल लाव. मी नर्स आहे ना हो, भाऊ! मी खोबरेल सांगितलं!" आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

तेजल दारात उभी होती. ती सासूच्या शेजारी येऊन बसली. "आई, तुम्ही खोबरेल सांगितलंत म्हणजे काही नसेल असं वाटलं मला. तुम्हाला सगळं कळतं ना." या वाक्याने बाई जास्तच रडल्या.

त्याच संध्याकाळी तेजलला जिल्ह्याला भरती केलं. सिस्टरनी कोइमतूरला मुलाला फोन केला, दुसरा फोन खऱ्या विहिणीला. "ताई, तुम्ही या. ती माझ्याशी मोकळं बोलत नाही, तुमच्याशी बोलेल. चुकलं माझं." असं त्या म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला त्या बैठकीला हजर. मला वाटलं होतं आठ दिवस रजा टाकतील. चकतीने काही बोलायच्या आधीच त्या उभ्या राहिल्या. "मला सांगायचंय. तिसरी सापडली. माझी सून. प्रश्न डॉक्टरांचे होते, उत्तरं मी दिली, दर महिन्याला."

"सिस्टर, इथे नावं घ्यायची नसतात," मॅडम म्हणाल्या.

"तिने नाही घ्यायची," सिस्टरनी चकतीकडे बोट दाखवलं. "मी घेते. या नव्या पोरींना मीच शिकवलंय ना, सासूशी बोला म्हणून? आता मीच सांगते. सासूशी बोला, मान द्या, चहा द्या. आणि मग सुनेला वेगळं बसवून विचारा आणि दहा मोजा."

बत्तीस वर्षांचा अनुभव, निवृत्ती तोंडावर, आणि बाई चार ज्युनियर पोरींसमोर उभी राहून स्वतःची चूक सांगते. मला नाही जमणार ते. मी अजूनही गोळी न समजलेल्या त्या सात जणांपैकी तिघांना दोष देतो.

यंत्राचा तिघींचा अंदाज बरोबर तीन निघाला, याचं गळवेला फार कौतुक. मॅडम म्हणतात तो निव्वळ योगायोग, दोन निघाल्या असत्या किंवा चार, तरी चकती तेवढीच खरी ठरली असती. मी वाद घालत नाही. मला कौतुक आहे ते स्कूटरवर मागे बसून नऊ दिवस उन्हात फिरलेल्या बाईचं. यंत्राने सांगितलं की दार बंद आहे. ते कोणतं दार, हे शोधायला माणूसच गेला.

आमच्या केंद्रात आता तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं आहे. सासवांसाठी. तिथे मी असतो, त्यांच्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन. त्याला सगळे 'कंपाउंडरचा ओटा' म्हणतात. म्हणू देत.

तेजलला सदतिसावा आठवडा लागताच मुलगी झाली. वजन दोन किलो तीनशे, आवाज आजीचा.

सव्वा महिन्यानंतर तेजल तपासणीला आली तेव्हा मी औषधं द्यायला म्हणून आत गेलो होतो. बाळ तेजलच्या आईच्या मांडीवर. सिस्टर बाहेरच्या बाकड्यावर बसायला निघाल्या, तर तेजलनेच त्यांचा हात धरला. "बसा आई. तुमच्यासमोर बोलेन मी."

मॅडमनी विचारलं, "सांग तेजल, काय होतंय?"

सिस्टरचं तोंड उघडलं. सवय हो, बत्तीस वर्षांची. मग त्यांनी ते गच्च मिटलं. पदराखाली त्यांची बोटं हलताना मला दिसत होती. तीन. चार. चारवर त्यांच्या गळ्याची शीर फुगली. सहावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

आठवर तेजल बोलली. "कंबर दुखते. बसून उठताना जास्त."

मॅडमनी लिहून घेतलं. "आणखी?"

पुन्हा शांतता. या वेळी नऊपर्यंत गेली.

"आणि," तेजल सासूकडे न बघता म्हणाली, "ती अळिवाची खीर मला अजिबात आवडत नाही. सव्वा महिना नाक दाबून पितेय."

तिची आई चपापली. गळवेने दारातून मान आत घातली होती, ती पटकन मागे घेतली. सिस्टर तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. रोज पहाटे उठून स्वतःच्या हाताने, तूप घालून केलेली खीर हो ती. मला वाटलं, आता फुटणार बाई.

त्यांनी डोळे पुसले आणि मॅडमच्या वहीवर बोट ठेवलं.

"लिहा मॅडम," त्या म्हणाल्या. "तक्रार क्रमांक दोन."